यूब्लॉक बंद, एक्स्टेन्शन निघत नाही, मेलमध्ये शिरकाव: ऑफिसच्या बारा मशिन्सचं काय करावं?

कळफलक

कर सल्लागाराचं ऑफिस, बारा मशिन्स. नऊ विंडोज ११ वर आणि तीन अजून विंडोज ७ वर, कारण जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर त्यापुढे चालत नाही. सगळीकडे क्रोम. सर्व्हर नाही, डोमेन (सगळ्या मशिन्सवर एका जागेवरून ताबा ठेवणारी व्यवस्था) नाही, एका राउटरवरचं साधं नेटवर्क.

क्रोममधलं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) यूब्लॉक ओरिजिन बंद पडलंय आणि परत चालू करायचं बटणही दिसत नाही. त्याच्या जागी काय घ्यावं?

एका मशीनवर क्रोमच्या मेनूत तळाशी 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित' अशा अर्थाची ओळ येते. तिथलं एक 'शॉपिंग' एक्स्टेन्शन काढताच येत नाही, 'काढा' बटण फिकं झालंय. उजव्या कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' अशा सूचना सतत येतात, ब्राउझर बंद असला तरी.

त्याच मशीनवरच्या मेल खात्यात बाहेरून कुणीतरी शिरलं. दुहेरी पडताळणी चालू होती, ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही. मग शिरलं कसं?

चाळणी

यूब्लॉकपुरतं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

जुन्या पद्धतीत, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही२ (एक्स्टेन्शनला काय करता येईल ते ठरवणाऱ्या नियमांची दुसरी आवृत्ती) मध्ये, पान जी जी विनंती बाहेर पाठवायचं ती आधी एक्स्टेन्शनच्या हातात यायची. ते बघायचं, ठरवायचं, अडवायचं. यूब्लॉक ओरिजिन याच पद्धतीचं आहे. व्ही३ मध्ये एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची आणि अडवण्याचं काम ब्राउझरने करायचं. एका एक्स्टेन्शनला ३०,००० ठरावीक नियमांची हमी असते, त्यावरचे सगळ्यांच्या सामायिक कोट्यातून मिळतात. आकड्यापेक्षा खरी अडचण वेगळी आहे: प्रसंग बघून निर्णय घेण्याची मुभाच गेली. क्रोम १३८ पर्यंत पॉलिसी (ब्राउझरवर वरून लादलेली सेटिंग) लावून जुनी एक्स्टेन्शन्स चालवता येत होती, १३९ मध्ये तीही वाट बंद झाली. तेव्हा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) अमुक टाका म्हणजे चालू होईल असं सांगणारे जुने व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका.

क्रोमवरच राहायचं असेल तर यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या आणि त्याचा मोड 'ऑप्टिमल' किंवा 'कम्प्लीट' ठेवा. बातम्यांच्या आणि नेहमीच्या साइट्सना तेवढं पुरतं. पण आपल्याला हवं ते एका साइटपुरतं बंद-चालू करायची मूळ यूब्लॉकची बारीक जाळी त्यात नाही.

माझं स्पष्ट मत: रोजच्या वापराला फायरफॉक्स आणि त्यात मूळ यूब्लॉक ओरिजिन. फायरफॉक्सने व्ही२ आणि व्ही३ दोन्ही चालू ठेवलंय, शिवाय तिथे यूब्लॉकला दोन गोष्टी जास्त जमतात. जाहिरात कंपनीचा सर्व्हर साइटच्याच उपडोमेनमागे लपवलेला असेल तर डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासून तो ओळखता येतो. आणि ब्राउझर उघडल्यावर यूब्लॉक तयार होईपर्यंत पानाच्या विनंत्या थांबवून धरता येतात, त्यामुळे आधीपासून उघडे असलेले टॅब जाहिरातींसकट उठत नाहीत. डिजिटल सहीच्या टोकनची कामं मात्र मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरवर ठेवा. सहीचे प्रोग्राम आणि त्यांची स्थानिक प्रमाणपत्रं बहुतेक क्रोम-एज डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेली असतात. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी फायरफॉक्सशी झटापट नको.

उंबरठा

'व्यवस्थापित'वाल्या मशीनबद्दल. डोमेन नाही म्हणता, म्हणजे ती ओळ बहुधा घुसखोराने लावलेली आहे. काही अँटिव्हायरसही पॉलिसी लावतात, म्हणून आधी खात्री करा.

अॅड्रेसबारमध्ये क्रोम://पॉलिसी रोमन अक्षरांत टाइप करा. लागू असलेल्या सगळ्या पॉलिसी दिसतील. 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' (सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शन्सची यादी) नावाची ओळ असेल तर तिच्यासमोर ३२ अक्षरांचा एक लांबलचक आयडी असतो. तो एक्स्टेन्शनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू करून दिसणाऱ्या आयडीशी ताडून पाहा. जुळला की गुन्हेगार सापडला.

मग रजिस्ट्री एडिटर उघडा. 'लोकल मशीन'खाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं आत जा आणि तिथली फोर्सलिस्टची 'की' (रजिस्ट्रीतला फोल्डर) काढा. 'करंट यूझर'खालीही तोच रस्ता तपासा, पुष्कळ जण एवढंच विसरतात. काढण्याआधी ती 'की' एक्स्पोर्ट करून ठेवा. परत पॉलिसीच्या पानावर येऊन 'रीलोड पॉलिसीज' दाबा, क्रोम बंद करून उघडा, आता 'काढा' बटण चालेल.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उगवलं तर दोन जागा बघायच्या. टास्क शेड्युलरमध्ये पॉवरशेल (विंडोजला लेखी आज्ञा देणारा प्रोग्राम) चालवणारं अनोळखी नावाचं काम असतं, ते. आणि विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात ग्रुप पॉलिसीच्या मशीन उपफोल्डरातली 'रजिस्ट्री' नावाची पीओएल फाइल. रजिस्ट्री साफ केली तरी ग्रुप पॉलिसी ताजी होताना ही फाइल सगळं परत लिहून टाकते.

सूचनांचं कारण वेगळं आहे. एखाद्या पानावर 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं येतं. ते दाबलं की त्या साइटला सूचना पाठवायचा परवाना मिळतो. तो व्हायरस नसतो, साइटने दिलेला मजकूर ब्राउझर दाखवत असतो, म्हणून अँटिव्हायरसला काही सापडत नाही. क्रोम बंद केल्यावरही तो मागे चालू राहू शकतो, त्यामुळे सूचना थांबत नाहीत. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे परवाना दिलेल्या साइट्सची यादी आहे. अनोळखी सगळ्या काढा आणि वरचा मुख्य पर्याय 'साइट्सना सूचना पाठवू देऊ नका' असा करा. शिवाय सिस्टिम विभागात 'क्रोम बंद असताना पार्श्वभूमीला अॅप्स चालू ठेवा' हे बंद करा.

दुर्बीण

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचायच्या आधी एक काम करा: ते मशीन नेटवर्कवरून काढा.

ओटीपी फक्त लॉगिनच्या वेळी विचारला जातो. एकदा आत गेलात की सर्व्हर ब्राउझरला एक सेशन कुकी देतो आणि पुढे तीच तुमची ओळख. ती कुकी उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवली की ना पासवर्ड लागत, ना ओटीपी. क्रोममध्ये या कुकीज प्रोफाइलच्या फोल्डरात 'नेटवर्क' उपफोल्डरातल्या एका फाइलमध्ये असतात. फाइल एन्क्रिप्ट केलेली असते, पण विंडोजवर पूर्वी त्याच यूझरच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम ती सहज उलगडू शकायचा. क्रोम १२७ पासून, म्हणजे जुलै २०२४ पासून, किल्ली क्रोम अॅपशीच बांधली गेली. चोरांनी मग डिबगिंग पोर्ट (प्रोग्राम तपासण्यासाठी ठेवलेली वाट) उघडून क्रोमकडूनच कुकीज मागायचा मार्ग धरला, तेव्हा क्रोम १३६ मध्ये मूळ प्रोफाइलसाठी तो पोर्ट बंद केला. भिंत उंच होत चालली आहे खरी, पण प्रोग्राम अॅडमिन हक्काने चालला तर तिचा उपयोग होत नाही.

असा प्रोग्राम मशीनवर येतो कसा? क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येतोच. २०२४ पासून आणखी एक चाल खूप पसरली आहे. 'मी माणूस आहे' असा चौकोन दिसतो. तो दाबला की पान गुपचूप एक आज्ञा क्लिपबोर्डवर टाकतं आणि सांगतं: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने पॉवरशेल चालवलेलं असतं, त्यामुळे ब्राउझरला अडवायला जागाच उरत नाही. ऑफिसात सगळ्यांना एवढं एकच वाक्य सांगा: कुठलीही खरी साइट विंडोज-आर दाबायला सांगत नाही.

आता क्रम नीट पाळा. फोनवरून किंवा स्वच्छ मशीनवरून आधी 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा, मग पासवर्ड बदला. बाधित मशीनवरच बसून पासवर्ड बदलला तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जातो. हीच चूक सगळ्यात जास्त होते. त्यानंतर मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. 'बँक' हा शब्द असलेला मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा फिल्टर ठेवून जायची पद्धत आहे. खात्याला जोडलेली अनोळखी अॅप्स काढा. क्रोममध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले असं धरून चाला. आयकर, जीएसटी आणि बँक आधी बदला. मशीन फॉरमॅट करा, नुसत्या स्कॅनवर विसंबू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तिथे एकेक तास मोलाचा असतो.

कळफलक

मशीन काढलंय. मेलमध्ये खरंच एक फिल्टर सापडला. दोन शंका उरल्या. बहुतेकांकडे मराठी टायपिंगचं एक एक्स्टेन्शन आहे, त्याला 'सर्व वेबसाइट्सवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी आहे. ते धोक्याचं आहे का? आणि विंडोज ७ चं काय?

उंबरठा

टायपिंगच्या एक्स्टेन्शनला पानातल्या चौकटीत अक्षरं घालायची असतात, म्हणून ती परवानगी मागणं समजण्यासारखं आहे. पण त्याच परवानगीने बँकेच्या पानावरचा पासवर्डही वाचता येतो. आजचा लेखक प्रामाणिक असेल, उद्याचं काय? एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतं, न विचारता. टॅब झोपवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' विकलं गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर म्हणून काढावं लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच कर्मचाऱ्याला फसव्या मेलमधून परवानगी द्यायला लावली आणि तिच्या एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती ऐन नाताळात लोकांच्या ब्राउझरमध्ये पोचली.

मराठीसाठी एक्स्टेन्शनची गरजच नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा. मग मराठीच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड घ्या. विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते, आणि वर्ड, टॅली सगळीकडे चालतं. ज्यांचा हात इन्स्क्रिप्टवर बसलाय त्यांना तोही तिथेच मिळतो.

मग दार लावून घ्या. ज्या रजिस्ट्रीतून घुसखोर आला तीच तुम्ही वापरा. पॉलिसीज, गूगल, क्रोमखाली 'एक्स्टेन्शन-इन्स्टॉल-ब्लॉकलिस्ट' ही की करा, नाव रोमनमध्ये, रेघा आणि जागा न ठेवता. त्यात '१' नावाची स्ट्रिंग, रोमन अंकात, आणि मूल्य फक्त एक तारांकन. म्हणजे सगळी एक्स्टेन्शन्स बंद. शेजारी 'एक्स्टेन्शन-इन्स्टॉल-अलाउलिस्ट' करून त्यात यूब्लॉक लाइटचा आयडी. 'डिफॉल्ट-नोटिफिकेशन्स-सेटिंग' हा डीवर्ड (आकडी मूल्य) २ ठेवलात की सूचनांचा प्रश्नही मिटतो. आता 'व्यवस्थापित' ही ओळ सगळ्याच मशिन्सवर दिसेल, पण ती तुमची असेल.

दुर्बीण

त्यातच अजून दोन डीवर्ड घाला: 'रीलाँच-नोटिफिकेशन' २, आणि 'रीलाँच-नोटिफिकेशन-पीरियड' ८६४०००००, दशमान पद्धतीत. हे मिलिसेकंद आहेत, म्हणजे २४ तास. क्रोमची सुरक्षा अपडेट्स ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला येतात, पण उतरलेलं अपडेट ब्राउझर बंद करून उघडल्याशिवाय लागू होत नाही. चाळीस टॅब उघडे ठेवून पंधरा दिवस क्रोम बंदच न करणं ऑफिसात सर्रास चालतं. क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमचा कोड खुला असल्याने दुरुस्ती झाली की भोक कुठे होतं हे हल्लेखोरालाही वाचता येतं, तेव्हा उशीर महाग पडतो. रीलाँचनंतर टॅब परत येतात, इन्कॉग्निटोमधले येत नाहीत; अर्धवट भरलेला फॉर्म जातो, म्हणून सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

विंडोज ७ वर क्रोम १०९ वर थांबलंय, जानेवारी २०२३ ची आवृत्ती. फायरफॉक्स ११५ ईएसआर (दीर्घ मुदतीची आवृत्ती) तिथे चालतं, त्याची मुदत वेळोवेळी वाढवली गेली, पण त्या भरवशावर ऑफिस चालवू नये. तिन्ही मशीन फक्त स्कॅनरपुरती ठेवा. नेटवर्क कार्डाच्या आयपीव्ही४ सेटिंग्जमध्ये पत्ता हाताने द्या आणि 'डिफॉल्ट गेटवे' (इंटरनेटकडे जायची वाट) व डीएनएस रिकामे सोडा, आयपीव्ही६ ची खूण काढा. त्याच राउटरवरच्या मशिन्सना स्कॅनचं शेअर फोल्डर दिसत राहील, इंटरनेट मात्र मिळणार नाही. पत्ता राउटरच्या आपोआप वाटपाच्या टप्प्याबाहेरचा निवडा, नाहीतर दोन मशिन्सना एकच पत्ता मिळून दोन्ही अडतील.