अतिशीत अणूंची 'श्यानता' की 'दाटपणा'?

अतिशीत अणूंच्या प्रवाहावर लेख लिहिते आहे आणि 'व्हिस्कॉसिटी'पाशी अडले आहे. 'दाटपणा' लिहावं, तर हा वायू हवेपेक्षा लाखो पट विरळ. 'श्यानता' आणि 'विष्यंदिता' हेही शब्द वाचनात आलेत. काय वापरावं?

– दाटपणा नकोच. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, तरी मधासारखा रेंगाळत नाही. 'विष्यंदिते'त 'स्यंद्' धातू आहे, म्हणजे पाझरणं, वाहणं. आपल्याला सांगायचाय तो वाहण्याला आतून होणारा विरोध. 'श्यान' आला 'श्यै'पासून: थिजलेलं, घट्ट झालेलं. 'शीत'सुद्धा त्याच धातूचा. थंडीत तूप थिजतं, तो अनुभव या शब्दात आहे. माझं मत श्यानतेला.

– 'शीत' आणि 'श्यान' सख्खी भावंडं, हे ठाऊक नव्हतं! पण माझ्या लेखात नेमकं उलट घडतं. 2002 साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात लिथियम-6चे अणू जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत, म्हणजे ज्याच्याखाली तापमान जाऊच शकत नाही तिथपर्यंत, गार करून लेसरच्या सापळ्यात धरले होते. ढग विडीसारखा लांबट. सापळा काढल्यावर तो आडवा झपाट्याने फुगला, लांबीत जवळपास तेवढाच राहिला. एरवी विरळ वायूचे अणू सुटे उडतात आणि ढग गोल होत जातो. इथे टकरी इतक्या, की दाब जिकडे झपाट्याने उतरतो तिकडे सगळा ढग एकदम ढकलला गेला. वायू असून द्रवासारखा वाहिला, आणि थिजणं तर नाहीच.

– मग थिजण्याचं प्रमाण फार कमी, म्हणजे श्यानता फार कमी, असं सरळ लिहा. शब्दाचं मूळ त्याच्या आड येत नाही. मला जास्त काळजी 'हायड्रोडायनॅमिक्स'ची, म्हणजे प्रवाहांच्या गतीच्या शास्त्राची, वाटते. 'जलगतिकी' लिहिलंत तर वाचक पाण्यात शिरेल. मराठीत 'द्रायू' हा सुंदर शब्द आहे, द्रव आणि वायू दोन्ही पोटात घेणारा. त्यावरून द्रायुयामिकी. हा लिथियमचा ढग म्हणजे अक्षरशः द्रायू.

– द्रायू घेतला. 'ट्रान्सपोर्ट'ला 'वहन' लिहिलं होतं, पण उष्णतेच्या धड्यात तो शब्द 'कंडक्शन'साठी रुळलाय.

– संवेग ('मोमेंटम', वस्तुमान गुणिले वेग), उष्णता, अणू, जे इकडून तिकडे जातं त्याचं नाव जोडा: 'संवेगाचं वहन'. श्यानता म्हणजे तेच तर आहे, शेजारच्या थरांमधली संवेगाची देवाणघेवाण.

– मग वाक्य असं होतं: 'या द्रायूत संवेगाचं वहन फार थोडं होतं, म्हणून त्याची श्यानता अतिशय कमी.' ठेवते.