प्रतिसाद: थोरला आधी गेला तर किताब कोणाला?

थोरला मुलगा बापाच्या हयातीत वारला तर बॅरोनेटचा (ब्रिटनमधला एक वंशपरंपरागत) किताब आपोआप धाकट्याकडे जातो, असं वर म्हटलंय. तसं नाही. थोरल्याला औरस मुलगा असेल तर आधी नातू, तो नसेल तरच धाकटा. मुलींना सहसा काहीच नाही. आणि आपल्याकडच्या संस्थानिकांसारखा दत्तक घेऊनही भागत नाही, दत्तकाला किताब मिळत नाही.

हॅम्पशायरच्या टिचबोर्न घराण्याचंच बघा. थोरला रॉजर, अविवाहित, १८५४ मध्ये जहाजासकट बेपत्ता. १८६२ मध्ये वडील गेले, किताब धाकट्या आल्फ्रेडला. तो १८६६ मध्ये गेला तेव्हा बायको गरोदर! काही महिन्यांनी मुलगा झाला आणि जन्मतःच 'सर हेन्री' ठरला. मुलगी झाली असती तर किताब तिला मिळाला नसता.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातला एक खाटीक 'मीच रॉजर' म्हणत इंग्लंडात दाखल झाला, आणि रॉजरच्या आईने त्याला चक्क मुलगा म्हणून ओळखलं! खटला मात्र तो हरला, १८७४ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. त्याचा डोळा इस्टेटीवर जास्त असावा. बॅरोनेटला नावाआधी 'सर' मिळतं, पण तेवढ्यावर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) जागा मिळत नाही.