'सुरगाठ' चालेल का?

शहापूरकर: मुलांच्या विज्ञान अंकासाठी टिपण करतोय. पॉलिमरच्या, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या पदार्थांतल्या रेणूंच्या, लांब साखळ्या एका उजेडानं एकमेकींना बांधायच्या, दुसऱ्या उजेडानं सोडायच्या. 'उलटणारे आडबंध' लिहिलं, तर आई म्हणाली, "उलटी कुणाला झाली रे?" तिनंच 'सुरगाठ' सुचवलं. संपादक म्हणतात, गावठी वाटतं. उद्या प्रूफ जायचंय.

खानापूरची सून: घाला की बिनधास्त. मग टायरचं रबर ही निरगाठ. १८३९ मध्ये गुडइयरनं गंधक घालून तापवलं, साखळ्या बांधल्या त्या बांधल्याच. दात भरताना डॉक्टर लावतात तो निळा दिवा, तोही निरगाठच मारतो.

निपाणीचे मास्तर: परिभाषेत पॉलिमरला 'बहुवारिक' आहे, उलटणाऱ्याला 'उत्क्रमणीय' आहे. नाडीच्या गाठी विज्ञानात कशाला?

शहापूरकर: सर, 'उत्क्रमणीय' वाचून भाचीनं विचारलं, माकडापासून का?

लॅबवाला: माझी हरकत वेगळी. सुरगाठ ओढली की सुटते. या साखळ्यांना गाठ मारायला कूमारिन नावाचे रेणू जोडतात, त्यांचं तसं नाही ओ. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील उजेडात शेजारच्या दोन कूमारिनांचे दुहेरी बंध मिळून चार कार्बनांचं कडं होतं. ते फोडायला २५४ चा उजेड लागतो. बांधणारा वेगळा, सोडणारा वेगळा. वर सगळी कडी कधी सुटत नाहीत, थोडी अडून बसतातच. सुरगाठ अशी दगा देत नाही.

शहापूरकर: आमच्या धाकट्याची चड्डी बघितली नाही तुम्ही. शाळेला उशीर झाला की कात्रीच.

वडगावचा: आमचे काका मागावर बसायचे. धागा तुटला की बोटाला थुंकी लावून चिमटीत गाठ. तिथं कुणी सुरगाठ मारली तर शिवी थेट कानडीत.

खानापूरची सून: आम्ही 'फासगाठ' म्हणतो.

निपाणीचे मास्तर: ताई, फास ओढला की आवळतो. नेमकं उलटं! सुरगाठ म्हणजे सरगाठ, सरते म्हणून.

वडगावचा: हे तुमचं घरचं व्याकरण. शेजारच्या कानडी मावशी नुसतं 'गंटु' म्हणतात, त्यांचं भागतं.

निपाणीचे मास्तर: ते आपल्या गाठीवरूनच गेलंय. ग्रंथी, गंठी, गाठ.

वडगावचा: कशावरून? आपणच त्यांचं उचललं नसेल?

शहापूरकर: मंडळी, प्रूफ. काय छापू?

खानापूरची सून: थांबा ओ जरा. सर, सुरगाठ सरते म्हणून, मग निरगाठीतला 'निर' कुठला?