मदत हवी आहे: बाबांची पदकं डावीकडे की उजवीकडे?

मीनल_कराड: 16 डिसेंबरला तालुक्याच्या युद्धस्मारकावर कार्यक्रम आहे. बाबांची पदकं लावायची आहेत. कुठल्या बाजूला? कृपया लवकर सांगा, घरात रोज वाद चाललाय.

सुभेदार_निवृत्त: डावीकडे, छातीवर. कोट किंवा बंदगळा असेल तर शोभतात. सदऱ्यावर नको, वजनाने कापड लोंबतं.

कृष्णाकाठ: पदकं कशाला, नुसत्या रिबनी, म्हणजे पदकांऐवजीच्या रंगीत फिती लावा. सुटसुटीत.

सुभेदार_निवृत्त: रिबनपट्टी वर्दीवरची. साध्या कपड्यांवर पूर्ण पदकंच लावतात. पोरांना चुकीचं सांगू नका.

कृष्णाकाठ: आमच्या गावात सगळे लावतात, कुणी अडवलं नाही.

वाईकर: ताई, लावणार कोण? बाबा स्वतः? आणि पदकं कोणती?

मीनल_कराड: बाबा गेले. आई लावणार आहे, नऊवारीवर. 1971 च्या युद्धाची पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, शिवाय लांब सेवेचं. एका पट्टीवर ओवलेली आहेत.

वाईकर: मग उजवीकडे! डावी बाजू ज्याने कमावलं त्याची. दिवंगत सैनिकाच्या घरच्यांना स्मारकावर मानवंदनेच्या वेळी उजव्या छातीवर पदकं लावायची परवानगी लष्कराने 2018 मध्ये दिली आहे.

सुभेदार_निवृत्त: बरोबर. मी बाबा स्वतः लावणार असं धरून चाललो होतो. ताई, पट्टी सोडू नका. स्टार आधी, मग संग्राम, तो क्रम बिघडायला नको.

पेन्शन_मित्र: आईंचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं का? नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे कागद बघून सांगतात.

मीनल_कराड: पेन्शन सुरू आहे. प्रश्न पदकांचा आहे. तिन्ही मिळून जड आहेत, चोळीला पिन लावली की कापड ओढलं जातं.

सुईदोरा: पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे उजवी बाजू मोकळीच आहे. चोळीच्या आतून जाड सुती कापडाची तळहाताएवढी पट्टी टाचा आणि पिन दोन्ही थरांतून घाला. मामींची पदकं मी अशीच लावली होती, दिवसभर हलली नाहीत. नऊवारीच्या ओच्याला मात्र लावू नका, चालताना आपटतात.

कृष्णाकाठ: पितळ चिंचेने घासून लख्ख करा.

सुभेदार_निवृत्त: अजिबात नको! अक्षरं झिजतात. कडेला बाबांचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, तेच जाईल. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, बस्स.

मीनल_कराड: आईने चिंच भिजत घातली होती, थांबवते. काठावर नाव खरंच आहे, इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. सुईदोरा, सुती पट्टी रंगाने चोळीशी जुळणारी हवी का?