मदत हवी आहे: एसीतून बाहेर काढली की लेन्स धुरकट

मंडळी, गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्याचं (पावसाळ्यात चिखलात खेळण्याचा उत्सव) शूटिंग आहे, पणजीहून एसी गाडीने जायचंय. गाडीत २२ अंश, बाहेर ३० आणि आर्द्रता ८५ टक्के. म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं) २७ च्या आसपास, थंड काच धुरकटणारच. कॅमेरा गाडीतच झिपलॉक पिशवीत घट्ट बंद करून उतरल्यावर ४० मिनिटं तसाच ठेवायचा, हे ठरलंय. पुढची काच मायक्रोफायबरने पुसता येते. डोकेदुखी आतल्या काचांची. झूम फिरवला की लेन्स दमट हवा आत ओढते. तिथलं धुकं पुसणार कसं?

पिशवीत सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) किती ग्रॅम टाकता? (केशरी दाणे हिरवे पडले की संपले, एवढं ठाऊक आहे.) आणि लेन्सला गुंडाळायचा, यूएसबीवरचा हीटरचा पट्टा ऐन पावसाचिखलात कुणी वापरलाय का? पॉवरबँक भिजायची धास्ती वाटते.