मान हलवली म्हंजे हो की नाही?

परवा घोडबंदरला बहिणीकडे गेलो होतो, भाची मराठीचा धडा घेऊन बसलेली. इंग्लिश मीडियम, सातवी. मला विचारते, मामा, इथे लिहिलंय "आजोबांनी मान हलवली" आणि खाली प्रश्न आहे आजोबांनी परवानगी दिली का, तर दिली का नाही दिली? मी म्हटलं नाही दिली, बहीण किचनमधून ओरडली अरे दिली, आणि जेवण होईपर्यंत आमचं तेच चालू.

घरी येताना डोक्यात तेच घोळत होतं. माझं मत असं झालंय की 'मान हलवणे' फक्त हालचाल सांगतं, वर-खाली का डावी-उजवी ते सांगतच नाही, म्हणून तर आपल्याला पुढे 'होकारार्थी' नाहीतर 'नकारार्थी' असलं सरकारी अर्जातलं विशेषण लावावं लागतं. 'मान डोलावणे'चं तसं नाही. "त्याने नकारार्थी मान डोलावली" असं मोठ्याने वाचून बघा, दाताखाली खडा आल्यासारखं वाटतं ना? कारण डोलावण्यात हो आधीच बसलेला आहे.

आता हा हो आत शिरला कुठून, तर त्याचं मूळ बघा. संस्कृतात दोला म्हंजे झोका, 'द'चा 'ड' झाला आणि आपल्याकडे डोलणे, डुलणे, डोली, डोलारा असं सगळं गोकुळ आलं. (डोलारा म्हंजे आधी झोपाळाच बरं का, आता बिचारा फक्त कोसळण्यापुरता उरलाय.) या सगळ्यात झोक्याची लय आहे आणि लय आली की माणूस खुशीत असतो. गाण्याच्या बैठकीत समेवर माना डोलतात, भरलेलं शेत वाऱ्यावर डोलतं, आणि दारू प्यालेला जो डोलत येतो तोही त्याच्या परीने खुशीतच असतो. झोक्यावर बसून नाही म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. एकट्याने केलं की मान डोलावली आणि चारचौघांनी केलं की माना डोलावल्या, हा अनेकवचनातला थाट मला फार आवडतो.

याच जोशात मी ऑफिसात ठोकून दिलं की डोलकर म्हंजे होडीत डोलणारा, तर शेजारच्या टेबलावरचा मित्र, दिवाळे गावचा कोळी, हसायलाच लागला. म्हणे अरे डोल हे जाळं असतं, पिशवीसारखं, तोंड रुंद आणि मागे निमुळतं, ते खाडीत नाहीतर समुद्रात खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाला धरायचं, भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर बोंबील, जवळा आपोआप आत येतो. ते डोल लावणारा तो डोलकर. मी गप मान खाली घातली. शब्दांच्या बाबतीत आवाज सारखा आला की नातं जोडायची घाई करू नये हे मला कळतं, पण वळत नाही.

मान शब्दातही तीच गंमत. 'ती मान' वेगळी आणि 'तो मान' वेगळा. ती मान संस्कृत मन्या वरून आली, मन्या म्हंजे मानेची मागची बाजू, आयुर्वेदात आखडलेल्या मानेला मन्यास्तंभ म्हणतात तो हाच. तो मान म्हंजे आदर, लग्नातल्या मानपानातला. भाचीला वाटत होतं की ताठ मान असते म्हणून मान मिळतो. इतकं छान जुळत होतं की मला ते मोडायचं जिवावर आलं.

आणि मुंडी. आमची आजी म्हणायची "मुंडी काय हलवतोस, तोंडाने बोल की". मुंड म्हंजे डोकं, तेही भादरलेलं, मुंडनातलं, म्हणून मुंडी शब्दात लाड नाही. रसिकाची मान डोलते, मुंडी हलते ती नंदीबैलाची नाहीतर कोंबडीची मुरगळली जाते. नंदीबैलवाले आता ठाण्यात सोसायटीच्या गेटच्या आत येत नाहीत, लहानपणी यायचे, गुबुगुबु वाजायचं आणि पाऊस पडेल का, पोरगं पास होईल का, सगळ्याला बैलाची मान एकच. मिटिंगमध्ये साहेब बोलतात तेव्हा आठवतो तो.

एक हालचाल मात्र बिननावाची राहिली, ती आपली खास, मान ना वर-खाली ना डावी-उजवी, नुसती दोन्ही खांद्यांकडे कलती. बरं, चालेल, बघू, ऐकलं, काहीही. 'वेळावणे' म्हणावं तर त्यात नखरा आला, 'डुगडुगणे' म्हणावं तर म्हातारपण आलं. तुमच्याकडे घरात काही शब्द असेल तर जरूर सांगा, मला पाहिजेच आहे.

कारण परवाच ठाणे-वाशी लोकलला समोर एक काका डुलकी काढत होते. डुलकी पण त्याच डुलण्यातली. हनुवटी हळूहळू शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत यायची, तिथे झटका, परत वर, डोळे मिटलेलेच. रबाळ्याला गाडी थांबली तसे दचकून उठले आणि शेजारच्या पोराला विचारलं, "ऐरोली गेलं का?" पोराच्या कानात इअरफोन, त्याने मोबाइलमधून नजर न काढता मान हलवली, तीच ती, बिननावाची. काकांनी दोन सेकंद त्याच्याकडे बघितलं, परत हनुवटी खाली, आणि मी तोंड उघडेपर्यंत गाडी घणसोलीकडे सुटली पण.