मुंबईत समुद्रकाठच्या बागेत दुपारी कुठे बसावे?

धरमपेठकर:
जानेवारीत एका कामानिमित्त आईला घेऊन मुंबईला जायचे आहे. विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरून, दुपारपर्यंत काम आटोपून, संध्याकाळी परतीची गाडी धरायची असल्याने मधले काही तास मोकळे आहेत. बाजार, मॉल तिला नकोत. समुद्रासमोरच्या बागेत सावलीला बसायचे, एवढेच तिचे म्हणणे आहे. तिचे गुडघे दुखतात. जाणकारांनी कृपया जागा सुचवावी.

महालकर:
मलबार हिलवरचे कमला नेहरू उद्यान पाहावे. तिथून चौपाटीचा सगळा बाक नजरेत येतो.

मूळ नागपूरचा, आता दादरला:
महालकर, तिथून समुद्र दिसतो, पण तो खाली आणि दूर. वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला, त्यालगतची बाग अगदी पाण्याशी आहे. मात्र पायऱ्या आहेत आणि तीननंतर पश्चिमेचे ऊन थेट डोळ्यांवर येते. नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कमध्येही ऊन समोरूनच येते. म्हणून मी कुलाब्यातले बंदर प्राधिकरणाचे सागर उपवन सुचवेन: तिथला किनारा पूर्वेचा असल्याने दुपारचा सूर्य पाठीशी राहतो आणि समोर बंदरातल्या बोटी दिसतात. उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. नागपूरच्या कोरड्या हवेत सावली मिळाली की भागते, इथल्या दमट हवेत वाराही लागतो. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापत असल्याने दुपारी तो समुद्रावरून जमिनीकडे वाहू लागतो.

धंतोलीची ताई:
माझे सासर रत्नागिरीचे, म्हणून एक भर घालते. बंदराच्या बाजूला ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि वासही येतो, त्यामुळे तिथी पाहूनच दिवस ठरवावा. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती, तर अष्टमीला ती सहाला, म्हणजे ऐन दुपारी ओहोटी. मुंबईत घड्याळ थोडे मागेपुढे होते, तरी बेत आखायला हा हिशेब पुरतो.

धरमपेठकर:
सर्वांचे आभार. कामाची तारीख आमच्याच हाती असल्याने आईने लगेच दिनदर्शिका काढली. चतुर्थीला तिचा संकष्टीचा उपास असतो, तेव्हा वद्य तृतीया ठरली आहे. डबा आत नेऊ देतात का, हे कुणी सांगू शकेल काय?

मूळ नागपूरचा, आता दादरला:
वेळा विचाराल तेव्हा तेही विचारून घ्यावे. नाही म्हणाले तर जेवूनच आत जावे.